लाल चौकोनाचा आहेर

माझ्या पलंगाखाली बरेच चित्रकार राहतात. सगळे आधुनिक, बहुतेक परदेशी आणि सगळे गुंडाळलेले.

म्हणजे त्यांच्या चित्रांची छापील पोस्टरं. मूळ चित्रं लांबच्या संग्रहालयांत असतात, आणि आमचा ऊस, ऊस उभा आहे ते रान आणि रानातली विहीर विकली तरी त्या चित्रामागचा खिळासुद्धा येणार नाही. म्हणून मी छापील प्रती जमवते. जाड कागदाच्या, चहूबाजूंनी पांढरी पट्टी सोडलेल्या, पुठ्ठ्याच्या नळीतून येणाऱ्या. आमच्या घरात माझ्या या छंदाचं नाव ‘नळ्या’ असं आहे. “सायूच्या नळ्या आल्या,” असं आई दारातून मोठ्याने सांगते आणि शेजाऱ्यांना वाटतं आमचं प्लंबिंग अजून संपलेलं नाही. (रिकाम्या नळ्या आई टाकत नाही. तिची पैठणी घडीवर विरू नये म्हणून एका नळीवर गुंडाळलेली आहे. त्या नळीवर अजून एका मोठ्या चित्रकाराचं नाव आहे, आणि खाली आईने पेनाने ‘लग्नातली’ असं लिहिलं आहे.)

मी कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी बोलणं नातेवाइकांना बातम्या दिल्यासारखं वाटतं. म्हणून चारचौघांत मी मान हलवते. मान हलवण्यावर माझं आजवर उत्तम निभावलं होतं.

मग आम्ही कराडला नवीन घर बांधलं. दारातून आत आलं की समोर हॉलची एक मोठी, कोरी भिंत. मी घरात कधी फारसं काही मागितलेलं नाही. ती भिंत मागितली. पप्पा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अर्जी मंजूर.”

भिंतीसाठी चित्र ठरलेलंच होतं. एक भलामोठा लाल चौकोन. त्याच्याखाली जाड काळा पट्टा. आणि वर उजव्या कोपऱ्यात, कुणीतरी विसरून गेल्यासारखा, एक पिवळा ठिपका. बस्स, एवढंच. ते मी पहिल्यांदा फोनवर पाहिलं तेव्हा ऑफिसची मीटिंग चालू होती आणि माझी बोलायची पाळी आली होती. मी बोललेच नाही. (कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एरवीही बोलत नाही.) पोस्टर परदेशातून यायला इतके दिवस लागले की वाटेत कुणीतरी ते आपल्या हॉलमध्ये लावून बघत असावं, अशी मला शंका येऊ लागली होती.

ते आलं आणि मी सांगलीच्या एका फ्रेमवाल्याकडे नेलं. काम चोख. पण त्याच्या दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक फ्रेम कुणाच्या तरी आहेराचीच असते. त्यामुळे मी ‘साधा कागद’ म्हणेपर्यंत त्याने ती जांभळ्या, सोनेरी चांदण्यांच्या चकचकीत कागदात बांधलीसुद्धा. वर त्याच कागदाचा एक मोठा ताव “असू दे ताई, लागतोय” म्हणून हातात दिला. मी मान हलवली.

मी फ्रेम घेऊन घरी पोहोचले तो वास्तुशांतीचा दिवस होता. हॉलमध्ये होमाचा धूर आणि धुरात पाहुणे. फ्रेमला धक्का लागू नये म्हणून मी ती आतल्या खोलीत, कपाटाला टेकवून, सर्वांत सुरक्षित जागी ठेवली. तिथे आहेराचा ढीग होता.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी आत गेले.

“आई, इथे जांभळ्या कागदातली एक फ्रेम होती.”

“ती व्हय? ती आक्कांना दिली.”

आक्का म्हणजे माझी आटपाडीची आत्या, पप्पांची थोरली बहीण. आमच्या घरात राष्ट्रपतींनंतर तिचाच मान.

“ती माझी होती.”

“आहेरात ठेवली हुतीस न्हवं?”

“नुसती ठेवली होती.”

“मग झाला की आहेर. आक्कांना साडी नेसवली, पण त्यांच्या मालकांचा मान ऱ्हायला हुता. पुढ्यात भारीतली फ्रेम दिसली, दिली. मला वाटलं गणपती असंल.”

“आपण परत आणू या.”

मी पेटत्या होमावर बादली ओतायला निघाल्यासारखं आईने माझ्याकडे बघितलं. “आहेर परत मागायचा? आन् तोबी नणंदेकडनं? मला माहेरी धाडायची हाय का ह्या वयात?”

मी मान हलवली. पण हॉलच्या भिंतीत मी आधीच एक खिळा ठोकून ठेवला होता, तो काढला नाही. आई त्याला कॅलेंडर लावायची, मी काढून ठेवायचे. आई छत्री अडकवायची, मी काढायचे. एकदा त्याला लसणाची जुडी दिसली. मी तीही काढली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आमच्या घरातलं ते पहिलं युद्ध होतं ज्यात पप्पांनी भाग घेतला नाही.

शेवटी त्यांनीच तोड काढली. “पाडव्याला टीव्ही येतोय. पंचावन्न इंची. तोपर्यंत चित्र हजर झालं तर भिंत चित्राची आणि टीव्ही आत बेडरूममध्ये. गैरहजर राहिलं तर भिंत टीव्हीची.”

“पप्पा, पण…”

“ऑर्डर इज ऑर्डर.”

हे ऐकून आईला माझी दया आली असावी. किंवा टीव्ही बेडरूममध्ये आला तर पप्पा रात्रभर क्रिकेट बघतील याचा विचार तिने तेव्हा केला नसावा. ती म्हणाली, “चल आटपाडीला. पण तोंड उघडायचं न्हाई. आपण नुसतं बघायचं. आक्कांनी आपणहून दिली तर घ्यायची.”

तोंड न उघडणं हा तर माझा हातखंडा. मी लगेच तयार झाले.

मोकळ्या हाताने जाणं शक्य नव्हतं. वास्तुशांतीला आम्हाला भिंतीवरची इतकी घड्याळं आली होती की प्रत्येक खोलीत वेगवेगळी वेळ ठेवणं परवडलं असतं. त्यातलं सर्वांत जड, जवळजवळ माझ्या फ्रेमएवढं, लंबकाचं घड्याळ आईने निवडलं. एका पतसंस्थेने दिलेलं, खाली ‘हार्दिक शुभेच्छांसह’. आणि ते तिने फ्रेमवाल्याने दिलेल्या जांभळ्या, चांदण्यांच्या कागदात बांधलं. “लागतोय” म्हणाला होता, लागला.

विट्यावरून आटपाडीला पोहोचलो. आत्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकताच मी चारी भिंती बघून घेतल्या. देव होते, नातवंडं होती, एका खत कंपनीचं कॅलेंडर होतं. लाल काही नव्हतं. चहा आला. आई भिंतींकडे बघत सहज म्हणाली, “भिंती लय मोकळ्या दिसत्यात आक्का.”

“मोकळ्या न्हवत्या गं सुमन. तुमी दिल्याली फ्रेम लावली हुती की दोन दिस. लाल रान, खाली काळी भेग, वर ऊन.” आत्याने बशी खाली ठेवली. “आत्ता कुटं आमच्याकडं पाणी आलंय, डाळिंबं लागल्यात, आन् तुमी भावानं बहिणीला आहेरात दुष्काळ दिलासा? इतकी वर्सं खिडकीतनं फुकट बघितला की त्यो.”

“मग आता कुठे आहे ती?” हे मी विचारलं. आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

“उंब्रजला. माज्या नणंदेच्या मालकांची एकसष्टी झाली, त्यात दिली. पर आज अशा अचानक कशा आलासा गं मायलेकी?”

आता आहेर बघायला आलो असं कसं सांगणार? आईच्या तोंडून, माझ्या अंगावर, ते वाक्य पडलं. “हिच्यासाठी कुटं एखादं स्थळ दिसतंय का, म्हणून म्हटलं आक्कांच्या कानावर घालावं.”

आत्याचा चेहरा असा उजळला की पुढचं मला ऐकूच आलं नाही. आम्ही चित्र आणायला गेलो होतो. येताना आमच्या पिशवीत विट्याच्या एका ठिबक सिंचनवाल्या मुलाचा बायोडाटा होता. लॅमिनेट केलेला. (माझ्याकडची एकही कलाकृती इतक्या काळजीने जपलेली नाही.)

“आई, असं का सांगितलंस?”

“मग काय सांगू? लाल चौकोन शोधतोय म्हणून?”

पुढच्या रविवारी उंब्रज. आत्याच्या नणंद मंगलकाकी दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही येणार हे आधीच कळल्याचा आनंद होता.

“ये गं सायू. आक्कांचा फोन आलता. लय घाई झालीय म्हणं तुला.”

मी आईकडे बघितलं. आई चपला नीट लावत होती. खूप वेळ लावत होती.

काकींचं घर हायवेला लागून. रस्ता रुंद होताना त्यांचं अर्धं अंगण गेलं, ते दुःख आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. आत गेल्यावर मी पुन्हा भिंती बघितल्या. पुन्हा लाल काही नाही. आईने सुरुवात केली, “एकसष्टीला आहेर बराच आला असंल न्हाई?”

“आला की. पर आक्कांनी असली फ्रेम दिली म्हणतेस, ह्यांनी बघितली आन् ताट बाजूला सारलं. आवं, काळाभोर हायवे! अंगण गेलं हायवेत, पायरी गेली, तुळस मागं सरकवली. आता भिंतीवरबी हायवेच लावायचा?”

“आणि तो पिवळा ठिपका?” मला राहवलं नाही.

“इंडिकेटर,” काकी म्हणाल्या.

मी त्या चित्राबद्दल इंटरनेटवर बरंच वाचलं होतं. त्या ठिपक्याला कुणी आशा म्हटलं होतं, कुणी एकटेपणा. इंडिकेटर कुणालाच सुचला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मला तिथे दुसरं काही दिसेना.

फ्रेम काकींनी त्याच जांभळ्या कागदात, चिकटपट्टी नखाने हळू सोडवून, पुन्हा जशीच्या तशी बांधली होती आणि लोणंदला आपल्या विहीणबाईंना दिली होती. विहीणबाईंनी वरचा मजला चढवला होता, त्याची वास्तुशांत होती.

हे ऐकून आईचा चहा थंड झाला. नणंदेकडून आहेर परत मागता येत नाही हे खरं, पण दुसऱ्याच्या विहिणीकडून परत मागणं म्हणजे काकींच्या मुलीचा संसार मोडायला जाणं.

“तिकडंबी बघू की एखादं पोरगं,” काकी मला म्हणाल्या. “मी सांगून ठेवते लोणंदला. पुढच्या आठवड्यात नातवाचा पयला वाढदिवस हाय, शनवारी. आक्काबी येणार हाय आटपाडीहनं.”

उंब्रजहून आम्ही एका फौजी मुलाचा फोटो घेऊन आलो. पप्पांनी तो उभं राहून बघितला. पोश्चर चांगलं आहे म्हणाले.

एव्हाना पाडवा तोंडावर आला होता. आई म्हणाली, “सोड आता. दुसरं मागव. तसलाच चौकोन असंल की कुटंतरी.” पण मला तसलाच नको होता, तोच हवा होता. त्या भिंतीला बघून मी मागवलेला, आणि ज्याच्यापायी मी दोन तालुक्यांत लग्नाला उतावीळ ठरले तो. आता मागे फिरले असते तर हातात फक्त बदनामी उरली असती, चित्राशिवाय.

“मी एकटी जाते,” मी म्हटलं.

“एकटी? आन् बोलणार कोण?”

“मीच.”

आई उठून साडी बदलायला गेली. हे बघायला ती लोणंदपर्यंत चालतही आली असती.

लोणंदला आम्ही रविवारी पोहोचलो. आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचे फुगे अजून दाराला होते. विहीणबाईंनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, पोहे दिले आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशा त्या मार्केट यार्डात कांद्याच्या वक्कलाकडे, लिलावातल्या ढिगाकडे, बघत असतील. त्यांचा कांद्याचा व्यापार आहे.

“काय करते मुलगी?”

आई सांगायला लागली. पण बसमध्ये बसल्यापासून मी मनात एक वाक्य तयार करत आले होते. ते मी आता न सोडलं असतं तर पोह्यांबरोबर गिळलं गेलं असतं.

“काकू,” मी म्हटलं, “आपल्याकडे वास्तुशांतीत आलेली जांभळ्या कागदातली फ्रेम मूळची माझी आहे. ती चुकून आहेरात गेली. ती मला परत मिळाली तर मी आपली आभारी राहीन.”

अगदी बातम्यांसारखं झालं. आईचा पाय माझ्या पायावर आला, पण आता त्यात दम नव्हता. बाळाने एक फुगा फोडला.

विहीणबाई हसल्या. “मग आधी बोलायचं नाही का बाई? कधीपासून पडलीय ती कपाटात. आम्हाला आलेला आहेर आम्ही उघडत नाही. उघडला की लावावा लागतो.”

हे इतकं शहाणपणाचं होतं की मला हेवा वाटला. त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि त्या घेऊन आल्या. जांभळा कागद. सोनेरी चांदण्या. मी दोन्ही हातांनी घेतलं. उघडून बघावं असं फार वाटलं, पण आई कानात पुटपुटली, “देणाऱ्यासमोर उघडायचं नसतं.” मी मान हलवली. (आयुष्यात एकदा बोलले होते, त्याच दिवशी दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं.)

एसटीत ते पार्सल मी मांडीवर घेऊन बसले. दर खड्ड्याला आत काहीतरी हलत होतं. “काच तडकली बहुतेक,” मी म्हटलं. “असू दे,” आई म्हणाली, “काच बसवून घेता येती. तू बोललीस कशी गं पण!” साताऱ्यापासून कराडपर्यंत ती हेच बोलत होती. आत्तापर्यंत इतकी वर्षं ती माझ्या शाळेच्या फिया कशासाठी भरत होती, ते तिला त्या दिवशी कळलं असावं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली आणि टीव्हीवाला ड्रिल घेऊन हजर झाला. पप्पांनी त्याला थांबवून ठेवलं. शेजारचे दोघंतिघं ‘चित्र आलं म्हणे’ ऐकून आले होते. मी भिंत पुसली, खिळा हलवून बघितला, आणि सगळ्यांसमोर चिकटपट्टी नखाने हळू सोडवली.

आतून लंबक बाहेर आला.

त्याच्यामागून घड्याळ. खाली, ‘हार्दिक शुभेच्छांसह’.

“हे तर आपलंच,” पप्पा म्हणाले.

कुणी काही बोलायच्या आत आईचा फोन वाजला. आटपाडी. आईने स्पीकर लावला.

“सुमन, पाडव्याच्या शुभेच्छा. आगं ऐक तर, काय झालं. त्या पोराच्या वाढदिसाला तू दिल्यालं पार्सल तसंच नेऊन दिलं मी.” (वर्षाच्या बाळाला लंबकाचं घड्याळ.) “तर इहीणबाईंनी मला मोकळी धाडली न्हाई. कपाटातनं जांभळ्या कागदातलं एक काडून दिलं, आन् त्याच जागी माजं ठेवलं. घरी येऊन सोडतीया तर काय? दुष्काळ! परत आला की गं माज्या घरी.”

मी फोन आईच्या हातातून घेतला. “आत्या, ते माझं चित्र आहे. ते कुणालाही देऊ नका.”

“सायू बोलतीयस व्हय? आगं, तुझा आवाज असा हाय व्हय?”

“हो. मी न्यायला येते.”

“तशी कशी नेशील? एकदा घरात आल्याला आहेर असा उचलून न्यायचा नसतो बाळा, कार्य लागतं. त्यात ह्यो तर फिरून परत आलाय, म्हणजे ह्यात कायतरी हाय. तुज्या लग्नात आणते की मी, हक्कानं, वाजतगाजत. तवर लावलाय त्यो हॉलमधी. लय बी वाईट दिसत न्हाई.”

“आक्कांचं बरोबर हाय,” आई म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला आजही तिचा संशय येतो.

पप्पांनी घड्याळात बघितलं, म्हणजे त्याच. ते बंद होतं. “चित्र गैरहजर,” ते म्हणाले आणि टीव्हीवाल्याला खूण केली. पण ड्रिल लावण्याआधी मी त्याला म्हटलं, “दादा, डावीकडे सरकवा. अजून. अजून थोडा.” टीव्ही अगदी खिडकीला चिकटून बसला आहे, सकाळच्या उन्हात काही दिसत नाही, आणि उजवीकडे माझा खिळा आहे. आईने तिथे ते घड्याळ लावलं होतं. मी काढून ठेवलं.

तेव्हापासून विटा, उंब्रज आणि लोणंद अशा तिन्ही दिशांनी स्थळं येत आहेत. मी पूर्वी आतल्या खोलीत जाऊन बसायचे, आता बाहेर येऊन बसते. मला कार्य पाहिजे आहे. परवा लोणंदच्या कांद्यावाल्यांच्या नात्यातला एक मुलगा आला होता. शांत वाटला, पोहे खाताना आवाज करत नव्हता. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. आम्ही दोघांनी पाण्याची टाकी नीट बघून घेतली. मग त्याने विचारलं, “तुमच्या काही अपेक्षा?”

“हॉलमधली एक मोकळी भिंत,” मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने खरोखर विचार केला. “होती,” तो म्हणाला. “पण पाडव्याला टीव्ही घेतला.”

मी आयुष्यात पहिल्यांदाच एका अनोळखी मुलाच्या डोळ्यांत थेट बघितलं आणि विचारलं, “किती इंची?”